पळणाऱ्या बाईला थांबवू नये

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी सहा वाजून पंचावन्न मिनिटांनी मी कालव्याच्या पुलावरून गावाच्या दिशेनं पळत सुटले. पुलाच्या कठड्याखाली एक्काहत्तर वर्षांचे निवृत्त सुभेदार पडले होते. श्वास चालू होता, वाचा गेली होती, उजवा हात हलत नव्हता. पुलापासून गाव सव्वादोन किलोमीटर. वाटेत मला आधी तीन वाहनं भेटली. एकानंही मला थांबवलं नाही. तिन्ही वाहनांवरची माणसं मला ओळखत होती.

त्यांनी का थांबवलं नाही, हे सांगण्यासाठी दहा महिने मागं जावं लागेल.

मी सात वर्षं साताऱ्यात आणि नंतर एकोणीस वर्षं सांगलीत एका दैनिकाच्या संपादकीय विभागात काम केलं. सांगलीची पानं दुसऱ्या शहरात लागायला, म्हणजे तिथंच जुळवली जायला, सुरुवात झाली तेव्हा आमच्यातल्या सहाजणांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्यांतली मी एक. वय त्रेपन्न. लग्न केलेलं नव्हतं. पलूस तालुक्यातल्या या गावात आईचं दोन खोल्यांचं घर होतं आणि आई अंथरुणाला खिळली होती, म्हणून मी इथं आले. तीन वर्षांनी आई गेली. तेराव्यानंतर साताऱ्याचा भाऊ आणि वहिनी परत गेले. त्यानंतरच्या एका आठवड्यात मी कुणाशी काय बोलले हे मी एका संध्याकाळी आठवून लिहून काढलं. दूधवाल्याशी, "अर्धा लिटर". दुकानात, "एवढंच". भावाशी फोनवर, "जेवले". यादी तिथं संपली.

पुढच्या महिन्यात सांगलीत तपासणी करून घेतली. वजन अठ्ठ्याहत्तर किलो, साखर सीमारेषेवर, रक्तदाब थोडा चढा. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं. मी बारा दिवस चालले. चालताना माणसाला विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो. आईच्या औषधाची वेळ झाली असं वाटून दोनदा मी अर्ध्या रस्त्यातून घरी परतले. तेराव्या दिवशी कालव्याच्या पुलापासून पुढं पळून पाहिलं. विजेचे तीन खांब पार केले आणि चौथ्याला धरून उभी राहिले. छाती धडधडत होती, तोंडात गंजासारखी चव आली होती, आणि त्या तीन खांबांत डोक्यात एकही विचार आलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी परत पळाले.

सांगलीत असताना दर गुरुवारची आरोग्य पुरवणी माझ्याकडे होती. 'जॉगिंग फायद्याचं की तोट्याचं?' हा मजकूर मी वेगवेगळ्या मथळ्यांखाली वर्षातून एकदा तरी लावलेला आहे. त्यात सहा फायदे आणि चार तोटे असायचे. जागा कमी पडली की तोट्यांतला एखादा जायचा. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, की सुरुवात करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्या सगळ्या काळात मी कार्यालयाच्या जिन्याशिवाय कशावरही घाईनं चढले नव्हते.

या भागात उजाडताना रस्त्यानं पळणारी माणसं दोनच प्रकारची. भरतीची तयारी करणारी पोरं, आणि ज्याच्या घरी काहीतरी घडलंय असा माणूस. मी भरतीच्या वयाची नव्हते.

पहिला थांबला तो मोटरसायकलला दुधाच्या किटल्या लावलेला दूधवाला. त्यानं गाडी आडवी घातली.

"आवं म्याडम, काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही. व्यायाम करतेय."

"व्यायाम?" त्यानं माझ्या मागं लांबपर्यंत पाहिलं. "कुत्रं लागलंय का मागं?"

"नाही."

"मग बसा की गाडीवर. सोडतो. आशा पळत कुटवर जाणार तुमी?"

खुरपणीला निघालेल्या एका म्हातारीनं मला पाहिलं आणि डोक्यावरची पाटी रस्त्यात ठेवली. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "आगं बाई, आता कोण गं? आय तर तुजी गेली. आता कोण ऱ्हायलंय तुजं?" प्रश्न रास्त होता. मी थांबून सांगितलं की कुणी नाही. ती हो म्हणाली, पण बराच वेळ तिथंच उभी राहिली.

तिसऱ्या आठवड्यात एक धोतरवाले आजोबा काही न विचारता माझ्याबरोबर पळू लागले. दोन खांब पळाल्यावर धापा टाकत त्यांनी विचारलं, "कुणाच्यात चाललोय आपून?"

पुलाच्या कठड्यावर बसून हे सगळं पाहणारे एकजण होते. त्यांना गावात सगळे सुभेदारच म्हणत. सव्वीस वर्षं फौजेत काढून ते परत आलेले, चार वर्षांपूर्वी पत्नी वारलेली, मुलगा पुण्याला कंपनीत. ऊस पुतण्या बघायचा. कालव्यापलीकडच्या मळ्यात ते एकटे राहत. रोज सकाळी सहाला चालत पुलावर यायचे आणि साडेसातला परत जायचे, कारण आठ वाजता मुलाचा फोन यायचा. फोन ते घरातल्या उत्तरेकडच्या खिडकीतच ठेवत. मळ्यात रेंज फक्त त्या खिडकीत यायची.

तीन आठवडे त्यांनी माझं पळणं नुसतं पाहिलं. मग एका सकाळी हात वर करून म्हणाले, "थम!"

मी थांबले.

"आवं बाई, ही काय पळायची रीत हाय व्हय? पैल्याच खांबाला सगळा दम उधळताय, आन् चौथ्या खांबाला मिठी मारताय. त्यो खांब लाजला की तुमाला बघून."

"मग कसं पळायचं?"

"एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. म्हयनाभर. मी सांगितल्याबिगर एक खांब जादा न्हाई. आन् ही डांबरी सोडा. कालव्याच्या मुरमावर या."

डांबरी सोडायची सूचना बरोबर होती. माझ्या पायांत कापडी बूट होते आणि नडग्या सुजल्या होत्या. पुढचे नऊ दिवस मी पळू शकले नाही. त्या नऊ दिवसांत सांगलीहून जाड तळव्याचे बूट आणले, आणि मुरमावरून एक खांब पळायला, दोन खांब चालायला सुरुवात केली.

दुसरा नियम बोलण्याचा होता. पळताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करायचा.

"आमाला गाणी म्हनायला लावायचे," ते म्हणाले. "धा किलोमीटर पाठीवर बोजा घिऊन, आन् वर गाणं. तुमी काय म्हनता?"

"मला गाणी येत नाहीत."

"मग काय येतं?"

मला जिल्ह्याच्या पावसाचा तक्ता येत होता. एकोणीस पावसाळे तो मी रोज लावला होता. मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत, खानापूर, आटपाडी, कडेगाव, पलूस, वाळवा, शिराळा. दहा तालुके एका दमात म्हणता आले की वेग बरोबर. कवठेमहांकाळला अडखळलं की वेग जास्त. सुभेदारांना हे पटलं. मी पुलाजवळ आले की ते कठड्यावरून ओरडायचे, "आटपाडी आलं का?"

त्यांच्या मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं. त्यात थांबवायचं-चालू करायचं बटण होतं. पुलापासून कालव्याच्या पंपघरापर्यंत दीड किलोमीटर आणि परत दीड. मी निघाले की ते बटण दाबायचे, परतले की दाबायचे. मी धापा टाकत विचारायची, "किती?" ते वेळ सांगायचे. सुरुवातीला चौतीस मिनिटं, त्यात चालणंच जास्त. मी घरी येऊन वहीत लिहायची. पुष्कळ दिवशी ते माझं दिवसातलं पहिलं संभाषण असायचं, आणि शेवटचंही.

ते फार बोलायचे नाहीत. पत्नीबद्दल एकदाच बोलले. तिला साखर होती, पाय गेला होता, आणि शेवटची दोन वर्षं ते तिला खुर्चीवरून खाटेवर आणि खाटेवरून खुर्चीवर ठेवत होते. "फौजेत मला पळवून पळवून तयार केलं," ते म्हणाले, "ते ह्याच्यासाठी उपेगी पडलं." मी त्यांना आईबद्दल सांगितलं. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि साडेसात झाल्याचं सांगून उठले.

ते स्वतः आता पळत नव्हते. का, असं मी विचारलं तेव्हा गुडघे दाखवले. दोन्ही वाटीपासून सुजलेले. "हे बी पळण्यानंच झालं," ते म्हणाले. "पळणं चांगलं का वाईट ते मला इचारू नका. दोन्ही माज्यापाशी हाय."

चौथ्या महिन्यात मी पूर्ण तीन किलोमीटर मधे न चालता पळायचं ठरलं. मी पंपघरापर्यंत गेले, वळले, परत निघाले. पूल दोन खांबांवर राहिला होता. तेवढ्यात समोरून एक चारचाकी आली, थांबली, आणि आतल्या माणसानं काच खाली करून विचारलं, "म्याडम, कुणाला काय झालंय का? बसा आत."

मी थांबले. उत्तर दिलं. सुभेदार कठड्यावरून खाली उतरले होते.

"आवं, दोन खांब! दोन खांब ऱ्हायलं हुतं की!" ते त्या गाडीच्या मागं हात करून म्हणाले. "ह्या गावाला काय अक्कल हाय का न्हाई? बाईमाणूस पळतंय म्हंजी कोण मेलंच पायजे व्हय?"

त्या दिवशी ते साडेसातला घरी न जाता ग्रामपंचायतीत गेले. आमच्या ग्रामपंचायतीनं चौकाचौकात कर्णे बसवलेले आहेत. पाणी कधी सुटणार, कुणाचं निधन झालं, सावडणं किती वाजता, रेशन आलं की नाही, हे सगळं त्यावरून सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला सांगितलं जातं. त्या संध्याकाळी पाण्याच्या सूचनेनंतर पुढील निवेदन झालं.

"सर्व ग्रामस्थांना कळवण्यात येते की, पत्रकार मॅडम रोज सकाळी कालव्याच्या रस्त्याने तब्येतीसाठी पळतात. काहीही अघटित घडलेले नाही. तरी कोणीही त्यांना थांबवू नये."

ते सलग तीन दिवस, दोन्ही वेळा झालं. आजूबाजूच्या वस्त्यांवरही पोचलं.

चौथ्या दिवसापासून मला कुणी थांबवलं नाही. दूधवाला हात वर करून पुढं जायचा. खुरपणीच्या बायका कडेला सरायच्या. उसाचे ट्रॅक्टर हॉर्न देऊन वाट मोकळी करून द्यायचे. पहिला आठवडा बरं वाटलं. वेळ सव्वीस मिनिटांवर आली. नंतर माझ्या लक्षात आलं की, "कोण गेलं?" हा प्रश्न धरून रोज सकाळी साधारण चार माणसं माझ्याशी बोलायची आणि आता कुणी बोलत नाही. मी हे सुभेदारांना सांगितलं नाही. त्यांनी ते माझ्या वेळेसाठी केलं होतं.

दिवाळीत आठ दिवस साताऱ्याला भावाकडे होते. किल्ल्याच्या चढावर सकाळी जत्रेसारखी गर्दी असते. चांगले बूट, कानात यंत्रं, मनगटावर पावलं मोजणारी घड्याळं. मी रोज तिथं पळाले. चढ असूनही दम टिकला. आठ दिवसांत कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही कुणाकडे पाहिलं नाही. भाऊ म्हणाला, "इथंच ये राहायला. तुझं पळणं इथं जास्त शोभेल." नवव्या दिवशी मी गावी परतले. पुलावर सुभेदार होते. "चढावर पळून आलाय," ते म्हणाले, "बघू काय फरक पडलाय." बटण दाबलं. चोवीस मिनिटं चाळीस सेकंद.

जानेवारीत परत तपासणी केली. वजन एकोणसत्तर किलो. साखर सीमारेषेच्या आत. रक्तदाब ठीक. उजवा गुडघा जिना उतरताना दुखत होता, आणि डॉक्टरांनी आठवड्यातून दोन दिवस पळू नका असं सांगितलं. पुरवणीच्या हिशेबानं फायदे तीन, तोटा एक.

त्या मंगळवारी मी सहा पंचविसाला पुलावर पोचले. सुभेदार कठड्यावर होते. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "तयार?" मी हो म्हणाले. त्यांनी बटण दाबलं. त्यांच्या चेहऱ्यात किंवा बोलण्यात काही वेगळं होतं का, हे नंतर डॉक्टरांनी आणि त्यांच्या मुलानंही मला विचारलं. मला काही वेगळं दिसलं नव्हतं.

परत आले तेव्हा कठडा रिकामा होता. ते खाली मुरमावर, कालव्याच्या बाजूला, उताणे पडले होते. तोंडाची एक बाजू ओघळलेली. डोळे उघडे. मी नाव घेऊन हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. शब्द झाला नाही. घड्याळ चालू होतं.

माझा फोन घरी होता. पळताना फोन जवळ ठेवायचा नाही हा त्यांचा तिसरा नियम. त्यांचा फोन मळ्यातल्या खिडकीत होता आणि घराला कुलूप होतं. कालव्याच्या दोन्ही बाजूंना उभा ऊस. तोडणी दूरच्या फडात चालू होती, ट्रॅक्टरचा आवाज येत होता, माणूस दिसत नव्हतं. मी दोनदा मोठ्यानं हाक मारली. उत्तर आलं नाही. त्यांना कुशीवर केलं, माझी ओढणी घडी करून डोक्याखाली ठेवली, आणि सांगितलं की मी माणूस घेऊन येते. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. ते सोडवायला मला जोर लावावा लागला.

मी एरवी ज्या वेगानं पळायची त्या वेगात बोलता यायचं. त्या सकाळी मी त्या वेगात पळत नव्हते.

पहिल्यांदा दूधवाला भेटला, पुलापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर. मी दोन्ही हात वर केले. थांबा, असं म्हणायचा प्रयत्न केला. घशातून हवा आली, शब्द आला नाही. त्यानं माझ्यासारखेच दोन्ही हात क्षणभर वर केले आणि ओरडला, "चालू द्या म्याडम! आज लय फास्ट!" तो पुढं गेला, पण पुलाकडं नाही. मधेच दुसऱ्या एका मळ्याच्या वाटेला वळला.

दुसरा उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, वर बांधलेले कर्णे, गाणं लावलेलं. मी रस्त्याच्या मधे उभी राहिले. त्यानं हॉर्न दिला, ट्रॅक्टर कडेला अगदी उसात घातला, आणि मला वाट करून दिली. मी ट्रॉलीच्या बाजूनं हात आपटला. ड्रायव्हरनं वळून हसून अंगठा दाखवला आणि पुढं फडाच्या वाटेला वळला. गाण्यामुळे त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं नंतर तसं सांगितलं, आणि ते खरं आहे.

तिसरी ग्रामपंचायतीच्या शिपायाची सायकल. निवेदन त्यानंच वाचलं होतं. मला येताना पाहून तो सायकलवरून उतरला, कडेला उभा राहिला आणि त्यानं सलाम केला. मी हातानं मागं, पुलाकडं दाखवत राहिले. "व्हय व्हय," तो म्हणाला, "सुभेदार वाट बघत असतील, या तुमी पळून." मी त्याच्यापाशी थांबायला हवं होतं. थांबून, दम घेऊन, त्याला सांगायला हवं होतं. मी थांबले नाही. त्याच्याकडे सायकल होती, मला गाडी हवी होती, आणि तेव्हा मला थांबलं की परत पळता येणार नाही असं वाटलं. हा निर्णय माझा होता.

कालव्याचा रस्ता जिथं मोठ्या डांबरी रस्त्याला मिळतो तिथं समोरून एक छोटा टेम्पो आला. घोंगड्या आणि चादरींचे गठ्ठे भरलेले. चालवणारे साठीचे, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यांनी मला. माझ्यावर नजर पडताच त्यांनी ब्रेक दाबला, खिडकीतून बाहेर वाकले आणि विचारलं,

"आवं ताई, काय झालं? कोण गेलं?"

मी टेम्पोच्या दाराला धरून उभी राहिले. बोलता येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"पुलावर," मी म्हणाले. "जिवंत आहेत."

"बसा."

ते म्हसवडहून निघाले होते आणि आष्ट्याच्या बाजाराला चालले होते. वाटेत शिपाई सायकल दामटत पुलाकडेच निघालेला दिसला. माझ्या अंगावर ओढणी नव्हती, हे मी पुढं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं. सात वाजून बारा मिनिटांनी आम्ही पुलावर होतो. सुभेदार मी ठेवले होते तसेच होते. टेम्पोवाल्यांनी एक नवी घोंगडी सोडून मुरमावर पसरली. सुभेदारांना त्यावर घेतलं, शिपायानं पायाकडची टोकं धरली, आम्ही डोक्याकडची, आणि गठ्ठ्यांवर ठेवलं. मी त्यांच्याजवळ मागं बसले. टेम्पोवाले पुढून ओरडून विचारत होते, "श्वास हाय का?" मी हो म्हणत होते. तालुक्याच्या दवाखान्यात आम्ही साडेसातच्या सुमाराला पोचलो. तिथून रुग्णवाहिकेनं सांगलीला.

सांगलीच्या डॉक्टरांनी अर्धांगाचा झटका असल्याचं सांगितलं. वेळेत आणलं, असंही सांगितलं. किती उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे मी विचारलं नाही.

आठ वाजता मळ्यातल्या खिडकीतला फोन वाजू लागला. दुपारी पुतण्यानं कुलूप काढलं तेव्हा त्यावर मुलाचे अकरा फोन येऊन गेलेले होते.

संध्याकाळी मुलगा पुण्याहून पोचला. परिचारिकेनं वडिलांचे कपडे आणि घड्याळ त्याच्या हातात दिलं. "हे चालूच आहे," ती म्हणाली. घड्याळात बारा तासांच्या वरचा आकडा होता. मुलाला ते कसं थांबवायचं माहीत नव्हतं. मी उजवीकडचं बटण दाखवलं. त्यानं दाबलं.

सतरा दिवसांनी त्यानं वडिलांना पुण्याला नेलं. जाताना सुभेदारांना थोडं थोडं बोलता येत होतं, पण मला त्यातलं काही समजलं नाही. मुलाला समजत होतं. गाडी निघाली तेव्हा साडेसात वाजले होते.

टेम्पोवाले घोंगडी दवाखान्यातच सोडून गेले होते. ती धुऊन मी दोनदा आष्ट्याच्या बाजाराला गेले. ते भेटले नाहीत. दुसऱ्या खेपेला म्हसवडच्याच एका विक्रेत्यानं वर्णनावरून त्यांना ओळखलं, घोंगडी ठेवून घेतली आणि पोचवतो म्हणाला. पोचली की नाही, याला दुजोरा मिळालेला नाही.

दूधवाला दोन दिवसांनी घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"म्याडम, मला वाटलं तुमी..." तो म्हणाला.

"माहीत आहे."

"सुभेदारांनीच सांगितलं हुतं की, थांबवू नका म्हणून. मला सोता दम दिल्ता."

"माहीत आहे."

"अर्धा लिटरच ना?"

"अर्धा लिटरच."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी ग्रामपंचायतीत जाऊन एका कागदावर निवेदन लिहून दिलं. शिपायानं ते आधी मनात वाचलं. "असं सांगायचं?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. त्या संध्याकाळी सातला, पाण्याच्या सूचनेनंतर, ते वाचलं गेलं.

"कालव्याच्या रस्त्याने कोणीही पळताना दिसल्यास, ओळखीचे असो वा नसो, थांबून विचारावे."

पुलापासून पंपघरापर्यंत आणि परत, हे अंतर मी अजून पळते. आठवड्यातून पाच दिवस. फोन आता खिशात असतो. वेळ माझ्याच घड्याळावर पाहते.

पुण्याहून दर रविवारी मुलाचा फोन येतो. सुभेदार घरातल्या घरात काठीवर चालतात. उजवा हात अजून नीट उचलता येत नाही. परवाच्या रविवारी मुलानं फोन त्यांच्या कानाशी धरला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग ते एक शब्द बोलले, आणि तो मला स्पष्ट समजला.

"किती?"

"एकतीस मिनिटं," मी सांगितलं. "मधे चौघांनी थांबवलं."

पलीकडून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की खोकल्याचा, हे मुलालाही सांगता आलं नाही. फोन सहा मिनिटं चालला.